साडेपाचची दोन पानं

"उद्या म्हणजे वार कोणता?"

हे विचारताना त्यांच्या हातातलं काम थांबत नसे. सुई अर्ध्या टाक्यात वर आलेली असे, मान खाली असे, आणि प्रश्न मात्र नेमका समोरच्या माणसावर येऊन बसे. समोर विद्यार्थी असो की एखाद्या कॉलेजचा विभागप्रमुख, तो गडबडून बोटं मोजू लागे. "उद्या... म्हणजे गुरुवार, काकाजी."

"मंग गुरुवार म्हणा ना. उद्या काहून म्हणता? वार सात आहेत. त्यात उद्या नावाचा कोणी नाही."

मग ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीनं 'गुरु' एवढंच लिहीत आणि भिंतीतल्या खिळ्याला टोचून ठेवत. गुरुवारी तुम्ही आला नाहीत तर तो तुकडा तिथेच लटकत राही. गल्लीतून जाणाऱ्या कोणालाही दिसेल असा.

नागपुरात महाल भागातल्या एका गल्लीत त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला गल्लीत उभं राहावं लागे. शहरातल्या निम्म्या प्रबंधांना त्यांनी पाठ दिली असेल. मरून किंवा काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. अक्षरांचे पितळी खिळे जुळवायचे, तापवायचे आणि सोनेरी कागदावर एकदाच, बेतानं दाबायचे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. जन्मभर दुसऱ्यांची नावं सोन्यात उठवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या दुकानावर पाटीसुद्धा लावली नव्हती. आम्ही सगळे त्यांना काकाजीच म्हणत असू.

मी नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी भूगोलात एम.ए. झालो, नागपूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागलो आणि पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय आमच्याच मातीतला घेतला, संत्र्याच्या बागांमधल्या विहिरी. दोन उन्हाळे मोटरसायकलवर फिरून, दोरीला दगड बांधून मी विहिरींचं पाणी मोजलं. दोरीला दर हातावर गाठ होती. सात वह्या भरल्या. लोकांनी सावलीत बसवून जेवू घातलं, आपापल्या विहिरीची कुळकथा सांगितली.

आणि मग लिहायची वेळ आली.

तुमच्यापैकी ज्यांनी असं एखादं काम डोक्यावर घेतलं असेल त्यांना पुढचं सांगायला नको. आधी मी टेबल घेतलं. मग टेबलाला दिवा. मग चार रंगांची पेनं आणून मी लिखाणाचं वेळापत्रक केलं. त्याला तीन रविवार लागले. ते इतकं देखणं झालं होतं की माझा मेहुणा त्याची झेरॉक्स स्वतःसाठी घेऊन गेला. वर्षं अशीच गेली. एकही पान लिहिलेलं नसताना एका शनिवारी मी काकाजींच्या दुकानी गेलो. कशाला, तर बाइंडिंगचा रंग ठरवायला.

"काळं बरं दिसेल की मरून?"

"पानं किती?"

"लिहायचं आहे अजून."

"म्हणजे लिहून राहिले?"

"सुरू करणार आहे."

"कधी?"

"उद्यापासून," मी म्हणालो, आणि त्यांचा तो प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

रविवार, असं मी चाचरत सांगितलं. त्यांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. विषय लिहा, नाव लिहा म्हणाले. मला वाटलं, भाव काढायचा असेल. मी लिहून दिलं आणि विसरलो. तो रविवारही नेहमीसारखाच गेला.

आठवड्यानं गल्लीतून जाताना त्यांनी हाक मारली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू हातात दिली. उघडून पाहिलं तर मरून रेक्झिनचं कव्हर. त्यावर माझ्या प्रबंधाचं नाव. खाली माझं नाव, मधे वडिलांचं नाव, आडनाव, आणि सगळ्यात खाली चालू वर्ष. अक्षरं अशी झळझळत होती की जणू आत्ताच बाहेर आली आहेत. कव्हर उघडलं. आत काहीच नव्हतं.

मी तिथेच गल्लीत उभा राहिलो. वडिलांचं नाव तोपर्यंत मी रेशनकार्डावर पाहिलं होतं, सातबाऱ्यावर पाहिलं होतं. सोन्यात पाहिलं नव्हतं.

"काकाजी, हे काय? आत काही नाही."

"ते मले काय विचारता? आतलं तुमच्याजवळ हाये."

"आणि हे साल? यंदाचंच साल घातलंत तुम्ही!"

"मंग कोणतं घालू?"

"पण यंदा कसं होईल?"

"सोनं खोडता येत नाही, सर. खरवडलं तं रेक्झिन फाटते. पाहा आता तुमचं तुमी."

यात एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. माझी नोंदणी त्याच वर्षाच्या शेवटी संपत होती. ती संपली की सात वह्या, दोन उन्हाळे, सगळं पुन्हा विहिरीत. हे मी घरातही कोणाला सांगितलं नव्हतं.

कव्हर घरी आणलं. रिकामी वस्तू घरात रिकामी राहत नाही. बायकोनं त्यात लाइटचं बिल ठेवलं, मग गॅसचं पुस्तक, मग मुलीचं लसीकरणाचं कार्ड.

महिन्याभरानं वडील गावाहून आले. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची नजर त्या कव्हरवर गेली. मराठी वाचता येतं त्यांना, हळूहळू, ओठ हलवत. माझं नाव वाचलं. मग स्वतःचं नाव वाचलं. मग उठून मोरीवर गेले, हात धुतले, पंच्याला पुसले आणि परत येऊन ते कव्हर दोन्ही हातांनी मांडीवर घेतलं. मी "बाबा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी ते उघडलं होतं. लसीकरणाचं कार्ड त्यांच्या पायाशी पडलं, त्यावर लाइटचं बिल.

त्यांनी कार्ड उचललं, सावकाश वाचलं आणि म्हणाले, "छान हाये. लेकराचे डोस झाले वाटते सारे."

ते टोमणा मारत नव्हते. तेच तर बोचलं. त्यांना खरंच वाटलं असावं की मोठ्या शिक्षणात असंच असतं.

सोमवारी मी काकाजींच्या दुकानात जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. नोंदणीचं, विहिरींचं, लसीच्या कार्डाचंसुद्धा. कार्डाला ते हसले. मग म्हणाले, "रोज दोन पानं आणा. साडेपाचले. सहाले नाही हां, दिवे लागले का मी हात धुतो."

"दोनच?"

"दोन आणून तं दाखवा."

अशी आमची सुरुवात झाली. कॉलेजातून पाचला सुटायचं, पिशवीत दोन छापील पानं घ्यायची आणि साडेपाचच्या आत महालात पोचायचं. ते पानं घेत, नाकाला लागतील इतकी जवळ धरत, आणि माझ्या नावाच्या खणात ठेवत. कागद असा जवळ धरण्याची त्यांची लकब मला फार आवडे. माणसाचं कागदावर किती प्रेम असावं, असं वाटे.

एकदा काहीच सुचत नव्हतं, म्हणून मी एका पानाचा मजकूर ओळींमधलं अंतर वाढवून दोन पानांवर पसरवला. त्यांनी पानं नाकाशी नेली. जरा वेळानं म्हणाले, "सर, या दोन ओळीइच्या मधून बैलबंडी जाते."

मी पिशवीची चेन लावू लागलो.

"जाऊ द्या म्हणा. येताना संत्री भरून आणन."

गल्लीत उभं असलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. दुसऱ्या दिवशी मी तीन पानं नेली.

त्या दुकानात बसून मी त्यांची पद्धत पाहत असे. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. फूटपट्टी टेबलाच्या डाव्या कडेला, सुया चपट्या डबीत, कैची तर टेबलाच्या पायाला दोरीनं बांधलेली. लई, म्हणजे मैद्याची खळ, उजव्या हाताला, एकाच वाटीत. मी एकदा फूटपट्टी उचलून जरा पलीकडे ठेवली तर चटकन म्हणाले, "जिथली तिथं ठेवा सर. शोधाले मले टाइम नाही." आणि काम उजेड असेपर्यंतच. सहाला दुकान बंद म्हणजे बंद, मग बाहेर कुलगुरू का उभे असेनात. सगळ्यांची अक्षरं मात्र ते आधी उठवून ठेवत. पानं आलेली असोत नसोत, कव्हरं तयार. माळ्यावर नावानिशी रिकामी कव्हरं रांगेनं उभी होती.

वेळ कसा वापरावा हे मला पुस्तकांनी शिकवलं नाही, या माणसानं शिकवलं, असं मी कोणालाही सांगत सुटलो. माझ्या गावच्या शाळेनं माजी विद्यार्थी म्हणून बोलावलं तेव्हा मी भाषणच त्यावर केलं. दोरीला बांधलेल्या कैचीची गोष्ट सांगितली. कैची शोधण्यात रोज गेलेली पाच मिनिटं म्हणजे वर्षाला किती तास, याचं गणित फळ्यावर करून दाखवलं. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवसाचा सुविचारच तो लिहिला.

हे काकाजींना मोठ्या उत्साहानं सांगितलं. टाका घालता घालता त्यांचा हात थांबला. एरवी तो थांबत नसे.

"कैची बांधल्याचं सांगितलं तुमी? पोराइले?"

"हो. सगळ्यांना पटलं."

ते थोडा वेळ लईच्या वाटीकडे पाहत राहिले. मग "बरं केलं," म्हणाले आणि पुन्हा मान खाली घातली. मला वाटलं, लाजले.

दिवाळीपर्यंत माझ्या खणात दीडशेच्या वर पानं साठली. मीच चकित होत होतो. ज्या हातानं कित्येक वर्षं एक ओळ लिहिली नव्हती, तो साडेपाचच्या धाकानं रोज चालत होता. चाळीसेक पानं राहिली होती. साल संपायला महिना होता. होणार होतं.

आणि मग विद्यापीठाचं पत्रक आलं. आमच्या तुकडीतल्या सगळ्यांना सहा महिन्यांची मुदतवाढ.

कॉलेजात आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. मी संत्रा बर्फीचा डबा घेतला आणि थेट दुकानात गेलो. त्या दिवशी पानं नेली नाहीत. कशाला न्यायची? सहा महिने होते.

"काकाजी, तोंड गोड करा. मुदत वाढली."

"किती?"

"सहा महिने!"

त्यांनी बोटांवर मोजलं. खरोखर मोजलं, एकेक बोट दुमडत. मग हळू आवाजात म्हणाले, "तितके मी कुठून आणू?"

मला वाटलं, कव्हरवरच्या सालाबद्दल बोलत आहेत. मी म्हणालो, "साल बदलून घेऊ की. मी नवीन रेक्झिन आणून देतो."

"बर्फी घरी न्या. लेकराले द्या."

एवढं बोलून ते वळले आणि त्यांचं कोपर लईच्या वाटीला लागलं. वाटी कलंडली. लई टेबलावरून पसरत खणातून काढून ठेवलेल्या माझ्या पानांच्या गठ्ठ्याखाली चालली होती आणि ते मान वाकवून सुईत दोरा ओवत होते. वाटी त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

"काकाजी, लई!"

"कुठी?"

मी थक्क झालो. एवढा राग? माझ्या पानांची नासाडी होतेय आणि हे बघायलाही तयार नाहीत? मीच गठ्ठा उचलला, कडा पुसल्या, खणात ठेवला. "असू द्या," असं जरा तुसडेपणानं म्हणालो आणि डबा घेऊन निघालो.

त्यानंतर मी गेलो नाही. खरं तेच लिहितो. पहिल्या आठवड्यात रागानं गेलो नाही, दुसऱ्या आठवड्यात लाजेनं, आणि नंतर कोणत्याच कारणाशिवाय. पेपर तपासायचे होते. मुलीला ताप होता. लग्नसराई होती. महालात काम निघालं तर मी पलीकडच्या गल्लीनं जात असे. खिळ्याला आपल्या चुकलेल्या वाराचा पुठ्ठा लटकत असेल या धास्तीनं. अडीच महिने एकही पान लिहिलं नाही.

एका दुपारी उठलो आणि गेलो. शटर अर्धं वर होतं. आत एक तिशीतली बाई खाली बसून गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत होती. टेबलावर काही नव्हतं. माळा रिकामा होता.

"काकाजी आहेत का?"

"मी त्याइची मुलगी. मौद्याले असते. कोणतं नाव तुमचं?"

मी नाव सांगितलं. तिनं चिठ्ठी ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"साडेपाचवाले सर तुमीच का?"

"हो."

"बाबाले दिसत नाही आता," ती म्हणाली. "उजवा डोया पुरा गेला. डाव्यानं पाइपातून पाहिल्यासारखं दिसते, मधातलं तेवढंच. काचबिंदू."

"अचानक?" मी विचारलं.

"अचानक कायचं? तीन वर्षं झाले डॉक्टरनं सांगितल्याले. थेंब घाला, ऑपरेशन करा, जितकी आहे तितकी नजर टिकन. आठ आठ दिवसानं फोन करत होती मी. बाबा, जा, दाखवा. जातो जातो म्हणत."

"पण गेले का नाहीत?"

सांगावं की नाही, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिनं सांगितलं. "डॉक्टर संध्याकाळी पाच ते सहा बसते. हे म्हणत, एका सरांचे पानं येतात साडेपाचले. त्याइचं होऊ दे, मंग जातो."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. गल्लीतून एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली, ती मला फार लांबून ऐकू आली.

"मला माहीत असतं तर..."

"तुमच्या आधी एक मॅडम होत्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, फक्त थकवा. "त्याइच्या आधी आणखी कोणी. तुमी नसते तं चौथा असता, सर. साऱ्या गावाले वार विचारे माहा बाप. स्वतःच्या डोयासाठी त्याच्याजवळ एकही वार नव्हता."

मी कसाबसा म्हणालो, "पण मी रोज इथे बसत होतो. मला कसं कळलं नाही?"

"कैची दोरीनं बांधलेली नाही पाहिली तुमी? म्याच बांधली होती. सापडे नाही म्हणून. कोणी पट्टी इकडची तिकडं केली तं दिवसभर चाचपडत बसत."

त्यानंतर तिला काही सांगावं लागलं नाही. एकेक गोष्ट आपोआप उलटी होत गेली. नाकाशी धरलेला कागद. सहाला बंद होणारं दुकान, कारण दिवे लागले की त्यांना काही दिसत नसे. कोपराशेजारची वाटी. आणि ती आधी उठवून ठेवलेली सोनेरी अक्षरं! टाका हाताच्या सवयीनं घालता येतो, पितळी खिळे जुळवायला नजर लागते. नजर होती तोवर त्यांनी जमेल तेवढ्यांची नावं उठवून घेतली होती. ते साल मी माझ्यासाठी समजलो होतो. ते त्यांच्या डोळ्यांचं होतं.

आणि मी फळ्यावर गणित मांडून टाळ्या घेतल्या होत्या.

तिनं माझा गठ्ठा हातात दिला. खालच्या पानांच्या कडांना लई वाळून पिवळी, कडक झाली होती. "हे एवढं न विसरता द्याले सांगितलं त्याइनं," ती म्हणाली. "पहिले हेच."

उरलेली पानं मी तीन आठवड्यांत लिहिली. पहाटे पाचला उठून, माझी मुलगी जागी व्हायच्या आत. वेळापत्रक केलं नाही. चांगलं लिहिलं जातंय की वाईट, हेही पाहिलं नाही. याचा मला अभिमान वाटत नाही. हे तीन आठवडे माझ्याजवळ आधीही होतेच. दुसऱ्या एका बाइंडरकडून नवीन सालाचं कव्हर करून घेतलं, मुदतीच्या बरंच आधी प्रबंध जमा केला, आणि त्याची एक प्रत घेऊन मौद्याच्या एसटीत बसलो.

बसमध्ये माफी कशी मागायची त्याची वाक्यं जुळवत होतो. मुलीच्या घराच्या ओसरीवर काकाजी बसले होते. दूर वीज केंद्राच्या चिमण्यांतून धूर निघत होता आणि ते नेमके त्याच दिशेला तोंड करून होते. मी आवाज दिला तेव्हा मान वळवून, शोधत शोधत, त्यांनी मला त्या उरलेल्या नजरेत आणलं. मग चेहरा उजळला.

प्रबंध हातात घेतला. पाठीवरून अंगठा फिरवला, कोपरे चाचपले, मधोमध उघडून ताण पाहिला.

"कोणी केलं?"

मी नाव सांगितलं.

"बरा करते तो. घाई करते जरासक." मग म्हणाले, "विहिरी साऱ्या आल्या?"

"आल्या."

मी जुळवलेली वाक्यं कुठेच सापडेनात. म्हणालो, "काकाजी, तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं."

"काय सांगू? मले दिसत नाही, पानं लवकर आणा? मंग ते पानं तुमी माह्यासाठी लिहिले असते." मग म्हणाले, "आन तुमच्यावर कशाले ढकलू? दवाखान्याचं मले भेव वाटे, सर. डॉक्टर काय म्हणन, याचं. तुमचे पानं आले का बरं वाटे. आज जाता येत नाही, पानं येऊन राहिले." ते स्वतःशीच हसले. "तुमाले कायचं भेव वाटे?"

हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. माझ्या मार्गदर्शकांनी नाही, बायकोनं नाही, मी स्वतःही नाही.

"लिहिलं तर सगळ्यांना कळेल, की मला येत नाही," मी म्हणालो. "आमच्या घरात कोणी लिहिलेलं नाही ना आजवर."

"हं," ते म्हणाले. प्रबंधाच्या पाठीवरून त्यांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला.

संध्याकाळ होत आली तशी मुलगी थेंबांची बाटली घेऊन आली. आता सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी थेंब, एकही चुकवायचा नाही, चुकला तर उरलंसुरलंही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं त्यांची हनुवटी वर केली, थेंब घातला. ते डोळे मिटून, नाकाजवळ डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून बसून राहिले. पाच मिनिटं तसं बसायचं असतं.

मी उठून माझं बिनबाह्यांचं जॅकेट माझ्या खुर्चीच्या पाठीला अडकवलं, पिशवी खुर्चीत ठेवली आणि चहाचा रिकामा कप आत नेऊन दिला. शेवटची बस किती वाजता, ते मुलीला विचारलं. परत दाराशी आलो तेव्हा त्यांचे डोळे उघडलेले होते. ओसरीवर अंधार उतरला होता.

"अर्धा कप घेता का आणखी, सर?" ते विचारत होते. माझ्या खुर्चीला. माझ्या जॅकेटला.

उत्तर आलं नाही, तशी ते थोडे पुढे झुकले आणि जरा मोठ्यानं, भिडस्त पाहुण्याला विचारावं तसं, म्हणाले, "घ्या ना. पोरगी चांगला करते."

माझ्यामागे मुलगी चहाचं भांडं हातात धरून उभी होती. तिनं ते पाहिलं आणि ती हललीच नाही. काकाजी हसऱ्या चेहऱ्यानं, मान किंचित कलती करून, उत्तराची वाट पाहत होते.

मी पाय न वाजवता गेलो. पिशवी अलगद उचलून खाली ठेवली आणि खुर्चीत बसलो.

"घेतो, काकाजी," मी म्हणालो.